आकड्यावर एक पोते

मी तीन वजनांची बेरीज केली आणि सांगितली: सव्वादहा क्विंटल.

"खोटा हाय काटा," रुख्मा मावशी म्हणाली.

महागू हमाल काट्याची दांडी सोडून हसला. "मावशे, साऱ्या बालाघाटचा तांदूळ याच काट्यावरून जाते. तुही नाव पाहूनच खोटा झाला का?"

"मंग बेरीज खोटी हाय."

"बेरीज मी केली, मावशी."

"मंग नावच खोटी हाय!" असे म्हणून मावशी स्वतःच हसत सुटली. मिलच्या अंगणात उभे असलेले सगळे हसले. फक्त डोमाजी सुतार हसले नाहीत, कारण नाव त्यांनी बांधली होती.

ती नाव आमच्यासमोर जीपवाल्या टिकारामच्या ट्रॉलीवर सरळ, तोंड जीपकडे करून बसली होती. सागाच्या फळ्या, सपाट बूड, फटींत ताग आणि डांबर. नाकाडापासून कडेकडेने मावशीने निळ्या रंगाचा पट्टा ओढला होता आणि तो अजून बोटाला लागत होता.

त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत ही नाव कोसमटोल्याच्या घाटावर पाण्यात तरंगताना दिसायला हवी होती. बाघ नदीवरच्या त्या घाटाचा ठेका मावशीला मिळाला होता, पण एका अटीवर: नाव स्वतःची हवी आणि ती तहसिलातून येणाऱ्या साहेबांना पाण्यावर दाखवायला हवी. नाही दाखवली तर घाट पुन्हा जुन्या ठेकेदाराकडे, प्रेमलालकडे जाणार होता.

प्रेमलालची नाव मजबूत होती. पण तिच्यात बसायचा एक क्रम होता. आमच्या वस्तीतली माणसे घाटावर कितीही आधी आली तरी बाकीचे बसेपर्यंत त्यांनी बाजूला उभे राहायचे. छप्पन्न साली आम्ही नागपूरला जाऊन बौद्ध झालो. घरातले देव्हारे गेले, मुले शाळेत गेली, मी नागपूरलाच राहून विज्ञानाची पदवी घेतली आणि बालाघाटच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. घाटावरचा क्रम मात्र होता तसाच राहिला. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन मावशी नावेची एक खेप जाऊ देई, दुसरी जाऊ देई, तिसरीत जागा उरली तर बसे.

"माह्या नावेत एकच कायदा राहीन," ती सांगत असे. "पयला आला थो पयला बसन."

उन्हाळ्यात वैनगंगा डबक्याडबक्यांत तुटते, त्यामुळे नाव पाण्यातून नेणे शक्य नव्हते. दोन बैलगाड्या एकामागे एक जुंपून नाव नेण्याची जुनी रीत होती, पण आदल्या वर्षी कुणाची तरी नाव तशी नेताना कण्यात पिळली होती आणि तेव्हापासून डोमाजी त्या रीतीचे नाव काढत नव्हते. राहिली टिकारामची जीप. फौजेच्या लिलावातली ती जीप तो आपल्या हाताने चालती ठेवत असे. लाकडाचे ओंडके वाहायला त्याने एक लांब ट्रॉली बनवली होती. तिचा आस आणि चाके दुसऱ्या एका मोडक्या जीपची होती. हे मला फार आवडले होते, कारण जीपचे कोणतेही चाक ट्रॉलीला बसत असे.

जीपबरोबर टिकारामला एक इंग्रजी पुस्तकही मिळाले होते. सुटी लागल्याबरोबर मी ते वाचून काढले. मग त्याच्या अंगणात जाऊन ट्रॉली पाहिली. ती वर्षभर लिंबाखाली एकाच जागी उभी होती. सावलीकडचे टायर बरे होते. उन्हाकडच्या टायरच्या अंगाला आटलेल्या तळ्याच्या चिखलासारख्या भेगा पडल्या होत्या.

"टायर बाहेरून जुना दिसते, पर चलेगा," टिकाराम म्हणाला होता.

मी भेगेत नख घातले. नख आत गेले. टिकारामने मग टायर उतरवला, दुसरा आणला, आणि ट्रॉली विटांवर चढवून ठेवली, म्हणजे निघायच्या दिवसापर्यंत चाकांवर भार नको.

आता काट्यावर मात्र भार नको तितका आला होता. आम्ही ट्रॉलीचे एक चाक काट्यावर चढवले, दुसऱ्याखाली तितक्याच उंचीच्या फळ्या ठेवल्या आणि वजन घेतले. मग दुसरे चाक. मग पुढचा दांडा, जो जीपच्या आकड्यात अडकतो, तो. तीन ठिकाणी जमिनीला टेकणाऱ्या वस्तूचे वजन त्या तीन ठिकाणांच्या बेरजेइतके असते. काटा लहान असला तरी हरकत नाही.

"तू त सांगलं होतं का नाव हलकी हाय," मावशी मला म्हणाली.

"कोरड्या सागाचा हिशेब केला होता."

डोमाजींनी पहिल्यांदा तोंड उघडले. "आन् मी तिले आठ दिवस तळ्यात बुडवली. फळ्या फुगल्या पायजे ना? लाकूड पाणी पेते पोरी. कॉलेजात नाई शिकवलं का?"

"शिकवलं होतं, काका. तुम्ही बुडवली हे नव्हतं सांगितलं."

"नवी नाव बुडवतच असतेत! हे काय सांगाची गोष्ट हाय?"

टिकारामला भांडणात रस नव्हता. "मास्टरीणबाई, आपली जीप कितना खींचेगी, थे सांगा."

पुस्तकात आकडे पौंडांत होते, काट्यावर क्विंटलांत, आणि डोमाजी अजून मणांत बोलत. मी तिघांना समजेल असे सांगितले. चांगल्या रस्त्यावर जीपने नऊ क्विंटलांच्या वर ओढायचे नाही. ट्रॉलीचे एकेक टायर फार तर चार क्विंटल पेलते, तेही हवा पूर्ण भरलेली असेल तर. हवा कमी असली की तेच टायर चालताना दबते, उलगडते, दबते, आणि आतून तापत जाते.

"म्हणजे सव्वा क्विंटल उतरवा," टिकाराम म्हणाला.

"थोडं जास्तच."

मावशीने नावेत काय काय भरले होते ते तेव्हा बाहेर आले. तांदळाचे पोते. डाळ. भात शिजवायचे दोन मोठे गंज. सांडशी, झारे, परात. घाटाला दोर बांधायला दगडाचा खुंट. आणि त्या सगळ्याखाली डोमाजींची अवजारांची पेटी.

"एवढा तांदूळ कशाला?"

"लोकायले उपाशी ठेवू का? नाव पाण्यात उतरली का जेवण हाय सगळ्यायले."

"बसने पाठव."

"माह्या नावेचा तांदूळ बसनं?"

"मावशी, तुझ्या नावेचा तांदूळ नावेने नेला तर नाव वाटेत राहील आणि तांदूळही."

मावशीने पदर खोचला आणि ती महागूला म्हणाली, "उचल गा! पाह्यतं काय? तांदूळ, गंज, सारं बसवर टाक. खुंटाचा धोंडा इथंच राहू दे, घाटावर का धोंड्यायचा दुष्काळ हाय?"

पुन्हा वजन घेतले. साडेआठ. मावशीने टाळी वाजवली. महागूने तिच्या टाळीवर टाळी दिली.

पण अजून एक काम राहिले होते. दांडा हलका होता. मी नांगर, त्याची साखळी आणि डोमाजींची पेटी नावेच्या पुढच्या टोकाकडे सरकवून घेतली आणि काट्यावर दांडा पुन्हा तोलला. एका भरल्या पोत्याएवढा भार आला. पुस्तकात जेवढा हवा म्हटला होता तेवढा. मग टिकारामने दांडा जीपच्या आकड्यात टाकला.

डोमाजींना हे पाहवेना. "अरे, अरे! गाडी धुरेवर जड करून राह्यली का? जू कसं पायजे, दोन बोटांनी उचललं पायजे. बैलाच्या मानेवर ओझं टाकते थो गाडीवान नाई, कसाई हाय."

"बैलगाडीला तेच बरोबर आहे, काका. पण जीपला मान नाही."

"मान नाई कशी? हे काय हाय?" त्यांनी जीपच्या मागच्या आकड्यावर हात ठेवला. मागच्या स्प्रिंगची कमान खरोखरच थोडी दबली होती.

"बैल दोन असतात, जू दोघांवर असतं, म्हणून गाडी सरळ राहते. इथं आकडा एकच आहे, आणि ट्रॉली त्याच्याभोवती फिरू शकते. मागं जड झाली की तिचं शेपूट पुढं यायला बघतं."

"शेपूट पुढं येते! ऐक व रुख्मे, तुह्या भाचीचं इज्ञान."

"तिचं इज्ञान राहू द्या," मावशी म्हणाली, "ऊन चढून राह्यलं. निघा."

आणि आम्ही निघालो.

टिकाराम आणि मावशी पुढे, मी आणि डोमाजी मागे. बालाघाटच्या बाजारातून नाव चालली तेव्हा दुकानदार पायरीवर आले. कुणीतरी ओरडले, "टिकाराम, पाणी किधर है भाई?" टिकारामने भोंगा वाजवला. मावशी सारखी मागे वळून नावेकडे पाहत होती, जशी काही नाव मधेच उतरून जाईल. गाव मागे पडल्यावर तिने दोन्ही हात बाहेर काढून वारा पंजांत घेतला.

"मी इतक्या जोरात कधी गेली नाई," ती म्हणाली.

"मावशे, सायकलीच्या दुप्पट बी नाई हे," टिकाराम म्हणाला. "मास्टरीणबाईचा हुकूम हाय, हळू चालवा म्हणते."

काही अंतर गेले की मी जीप थांबवायला सांगत असे. खाली उतरून ट्रॉलीच्या दोन्ही टायरांवर आणि चाकांच्या मध्यावर तळहात ठेवायचा. हात ठेवून राहता आले तर पुढे जायचे. चटका बसला तर सावलीत थांबायचे.

"नाडी पाह्यली का?" टिकाराम विचारी. "ताप हाय का पेशंटले?"

"कोमट आहे."

"कोमट त मी बी हाय."

तिसऱ्या थांब्याला डोमाजी माझ्याबरोबर उतरले. त्यांनी टायर दाबून पाहिले, आणि सकाळपेक्षा ते कडक लागले. "हवा वाढली," ते म्हणाले. "थोडी सोड. फुटन नाई त."

"सोडायची नाही, काका. तापल्यावर हवा पसरते म्हणून कडक लागते. सकाळी थंड असताना मोजून भरली आहे. आता सोडली तर कमी होईल, मग टायर आणखी दबेल आणि आणखी तापेल."

"फुसकन करून एक बार. जराशी."

"नाही."

"कोणाचंच ऐकत नाई," डोमाजी जीपमध्ये बसताना पुटपुटले, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

किरनापूरला बाजार होता. मावशीचा तांदूळ बसवरून आमच्याआधी पोचला होता आणि चहाच्या दुकानासमोर गंजांसकट ठेवलेला होता. तिथून कोसमटोल्याकडे जाणारी एक बैलगाडी ठरली. टिकारामने जीप झाडाखाली उभी केली. लगेच चार माणसे नावेत चढून बसली आणि म्हणाली, आम्हालाही नदीकडेच जायचे आहे. मावशीने त्यांना असे काही उतरवले की दुकानवाल्याने तिला चहा फुकट दिला.

डोमाजी चहाला आले नाहीत. "मी नावेजवळ थांबतो," ते म्हणाले. "पुना कोणी चढन."

आम्ही चहा पिऊन आलो तेव्हा ते नावेच्या मागच्या टोकाला टेकून बिडी ओढत होते आणि त्यांचा चेहरा शांत दिसत होता. मी टायरांवर हात ठेवला. थंड झाले होते. नावेत डोकावायला ती माझ्या डोक्यापेक्षा उंच होती.

किरनापूर सोडल्यावर रस्ता थोडा चढतो आणि मग एका नाल्याकडे सरळ उतरतो. खाली दगडी पूल, अरुंद. चढावर जीप नेहमीपेक्षा हलकी चालते आहे असे टिकाराम म्हणाला आणि खूश झाला. मी खूश झाले नाही. ओझे तेच होते आणि चढही खरा होता.

उतार लागला. आधी पाठीला एक लहानसा धक्का बसला, उजवीकडून. मग डावीकडून. मी मागे वळले. नाव रस्त्याच्या उजव्या कडेला होती. मग ती डाव्या कडेला गेली. मग पुन्हा उजवीकडे, आधीपेक्षा लांब. प्रत्येक फेरी मोठी होत होती.

"अरे बाप रे, ये तो झूम रही है!" टिकाराम ओरडला आणि त्याचा पाय ब्रेककडे गेला.

"ब्रेक नको!" मी ओरडले. "रेस सोडा, स्टिअरिंग सरळ धरा! सरळ!"

त्याने पाय काढला. दोन्ही हातांनी स्टिअरिंग असे धरले की त्याच्या मानेच्या शिरा मला मागून दिसल्या. मावशीने एक हात जीपच्या दांड्याला आणि दुसरा टिकारामच्या सदऱ्याला घातला होता आणि ती जोरजोरात नावेला दम देत होती: "थांब! थांब म्हणते ना! सरळ चाल!" नाव एकदा डावीकडे इतकी गेली की तिचा निळा पट्टा माझ्या बरोबरीला आला. जीपचे मागचे अंग तिच्याबरोबर ओढले गेले. पुलाचा पहिला दगड आला. ट्रॉलीचे डावे चाक त्याला घासले, आवाज झाला, आणि त्या घासण्यानेच असेल, झोका मोडला. वेग उतरला. जीप पुलाच्या मधोमध उभी राहिली.

डाव्या चाकातून हवा सुटल्याचा आवाज येत होता.

मावशी पहिली उतरली. नावेभोवती फिरली, प्रत्येक फळीवर हात फिरवला. "नाव साबूत हाय," ती म्हणाली. मग मला पाहिले. "तू बी साबूत हायेस."

मी चाकावर पाय देऊन नावेत चढले. नांगर, साखळी आणि पेटी मागच्या टोकाला होती, नीट रचून, दोरीने बांधून. उत्तम गाठ होती.

डोमाजी पुलाच्या कठड्यावर बसले होते.

"आकडा दबला होता," ते म्हणाले. "मले पाह्यवलं नाई. चाळीस वर्सं बैलं हाकली, पोरी. मानेवर ओझं दिसलं का हात आपोआप जाते."

"जीपवर दया केली तुमी," टिकाराम म्हणाला. "आन् जीप आपल्या सर्वायवर दया करणार होती."

मावशी हसू लागली. पुलावर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "शेपूट पुढं आलं ना पण! पाह्यलं ना डोमाभाऊ? माह्या भाचीनं सांगलं होतं, शेपूट पुढं येईन म्हणून!" मग डोमाजीही हसले, आधी नाकातून आणि मग मोकळे.

डावे टायर अंगाला चिरले होते. जॅक लावून चाक काढले आणि जीपची स्टेपनी बसवली. स्टेपनीची हवा सहसा कुणी पाहत नाही, पण आम्ही सकाळी पाहिली होती आणि ती भरलेली होती. तिच्या रबराला मात्र टक्कल पडले होते. मधल्या नक्षीचा मागमूस नव्हता.

"हिच्यावर चार क्विंटल टाकायचे नाहीत," मी म्हणाले. "आणि पुढचा रस्ता कच्चा आहे."

"मंग?" मावशीने पश्चिमेकडे पाहिले. ऊन पिवळे व्हायला लागले होते. तिचे हसणे गेले. "सरू, आता काय उतरवू? नावच उरली हाय."

"नाव अर्धी तरी उतरते," डोमाजी म्हणाले.

ते उठले, नावेत चढले आणि बसायच्या फळ्या, तळाच्या फळ्या एकेक करून मोकळ्या करू लागले. त्यांनी त्या खिळे न मारता खाचांत बसवल्या होत्या, पावसाळ्यात पाणी उपसायला सोपे जावे म्हणून. वल्ही, नांगर, साखळी, पेटी, सगळे पुलावर आले. मोठा ढीग झाला. ढीग कोण नेणार हा प्रश्न होता; तांदळाची बैलगाडी आडवाटेने केव्हाच पुढे गेली होती.

एक सायकलवाला तेवढ्यात कोसमटोल्याकडे निघाला होता. मावशीने त्याचे हँडल धरले. "माह्या घरवाल्याले सांग, चैतरामले. म्हणा, नाव नाल्यावर हाय, डोके घेऊन या. जेवढे असतीन तेवढे!"

आता दांडा तोलायचा होता आणि काटा तर बालाघाटला राहिला होता. मी डोमाजींकडे पाहिले.

"भरलं पोतं तुमच्या हाताला समजतं ना, काका?"

"पोतं? डोळे बांधून सांगतो."

"मग दांडा उचला. भरल्या पोत्याएवढा लागेपर्यंत मी नाव पुढं सरकवून घेते."

टिकाराम आणि मी नावेला खालून पहार लावून बोटबोट सरकवत होतो. डोमाजी कमरेत वाकून दांडा उचलत होते. "अर्धं... पाऊण... अजून सरकू द्या..." आणि मग त्यांचा आवाज कोंडला. "झालं! भरलं पोतं हाय. वरून मूठभर जास्त." त्यांनी दांडा आकड्यात टाकला आणि या वेळी त्यावर थोपटले. "सहन कर, बाप्पा. आजचा दिवस."

रस्त्याच्या वळणावर धूळ दिसली. चैतराम मावसाजी पुढे, मागे आमची वस्ती. बायका, माणसे, शाळेला सुटी असलेली पोरे. फळ्या डोक्यावर गेल्या, वल्ही खांद्यावर, नांगर दोघांच्या मध्ये काठीला लटकला. पेटी मावसाजींनी घेतली. मावशीने सगळ्यात लांब फळी उचलली.

"तू जीपमध्ये बस ना," मी म्हटले.

"माहं वजन किती हाय तुले ठाव हाय का? मी चालतो."

आम्ही सगळेच चाललो. जीपमध्ये एकटा टिकाराम, तिच्यामागे पोकळ नाव, आणि नावेच्या दोन्ही अंगांना नावेचे तुकडे डोक्यावर घेतलेली माणसे. मी स्टेपनीच्या बाजूने चालत होते आणि चालता चालताच तिच्यावर नजर ठेवत होते. ट्रॉली जीपच्या मागे शहाण्या वासरासारखी येत होती. कुणीतरी भीमाचे गाणे धरले. बाकीच्यांनी उचलले.

घाटावर कवठाच्या झाडाखाली साहेब खुर्चीवर बसले होते आणि घड्याळ पाहत होते. पाण्याजवळच्या मोठ्या दगडावर प्रेमलाल बसला होता. पांढरे धोतर, गुडघ्यावर टोपी.

"या, या," तो म्हणाला. "दुपारपासून येऊन बसलो हाओ मी. म्हटलं, पाह्यू तरी. रस्त्यावर चालणारी नाव पाण्यावर चालते का नाई!"

उन्हाळ्यातही न आटणाऱ्या डोहापर्यंतचा शेवटचा उतार रेतीचा होता. टिकारामने जीप वळवली आणि ट्रॉली मागे लोटू लागला. थोडे अंतर गेल्यावर जीपची चाके रेतीत फिरू लागली आणि रुतली. त्याने रेस दिली, आणखी रुतली. सूर्य झाडांच्या शेंड्यांना टेकला होता. साहेब उठून उभे राहिले.

"काका," मी म्हणाले, "आता हवा सोडा."

डोमाजींना वाटले मी थट्टा करते. "आता?"

"आता. सगळ्या चाकांची. टायर पसरलं की रेतीवर पाऊल मोठं पडेल. इथं पळायचं नाही, तापायचं नाही."

"फुसकन?"

"फुसकन."

डोमाजी पहिल्या चाकाशी जवळजवळ पळत गेले. व्हॉल्व्ह दाबला आणि हवा सुटली तसा त्यांच्या चेहऱ्यावर सकाळपासून अडकलेला आनंद पसरला. "सोडून राह्यलो व रुख्मे! आता मास्टरीणच म्हणते सोडा!" ते सहाही चाकांपाशी गेले. "बस," मी सांगेपर्यंत त्यांचे बोट निघत नव्हते.

टिकारामने पुन्हा लोटले. चाके पसरली, रेती दबली, ट्रॉली मागे सरकली. पाणी चाकांना लागले, मग आसाला, मग नावेच्या बुडाला. नावेचे मागचे टोक हलले. मग सगळी नाव ट्रॉलीवरून अलगद उचलली गेली, कुणीही हात न लावता.

मावशीने आत उडी मारली. खाली वाकून तिने तळ चाचपला आणि हात वर करून दाखवला. तळहात कोरडा होता. "पाणी पेलं, पण आत येऊ नाई दिलं!" डोमाजी ओरडले. सगळा घाट ओरडला.

फळ्या बसल्या, वल्ही चढली. साहेब पाण्याजवळ आले. "माणसं बसवा आणि पलीकडे नेऊन आणा," ते म्हणाले. "मग मी सही करतो."

वस्तीतली माणसे सवयीने दोन पावले मागे सरली होती. ते मावशीने पाहिले. वल्हे उभे धरून तिने विचारले, "इथं आज पयला कोण आलता?"

चैतराम मावसाजी हळूच म्हणाले, "प्रेमलाल."

मावशी एवढ्या वर्षांत जे बोलत आली होती ते आता तिच्यासमोर गुडघ्यावर टोपी ठेवून दगडावर बसले होते.

"मंग प्रेमलालभाऊ," ती म्हणाली, "चला. बसा."

"मी? मी काहून?"

"तुमी पयले आलते. माह्या नावेचा कायदा हाय."

तो साहेबांकडे पाहू लागला. साहेबांनी नावेकडे बोट दाखवले. प्रेमलाल धोतर सावरत चढला आणि फळीच्या अगदी कडेला बसला.

"दुसरं कोण?"

"मी," म्हातारी शेवंताबाई म्हणाली. ती आमच्या वस्तीतली सगळ्यात वयस्क बाई. "नांबर धरून बसली होती मी. झाडाखाली. कोणी मले विचारलंच नाई." तिला दोघांनी हात देऊन चढवले. ती त्याच फळीवर, मधोमध बसली आणि पाय पसरले.

नाव प्रेमलालच्या बाजूला झुकली. पाणी कडेच्या निळ्या पट्ट्याला लागले.

"सरका, भाऊ," मावशी म्हणाली. "असं कडेले बसून नाई चालत. वजन मधात पायजे."

प्रेमलालने एकदा पाण्याकडे पाहिले, एकदा शेवंताबाईकडे. मग तो सरकला, तिच्या खांद्याला खांदा लागेपर्यंत. नाव सरळ झाली, आणि मावशीने वल्हे पाण्यात टाकले.